एका घरी एक पदार्थ

दिवाळीच्या फराळात किमान सहा पदार्थ हवेतच, असं अजूनही बहुतेक मराठी घरांत वाटतं. लाडू, करंज्या, चकल्या, चिवडा, शंकरपाळे आणि जमले तर अनारसे. घरात तीन-चार हात आणि मदतीला शेजारीण असायची तेव्हा हे सहाही पदार्थ आठवड्याभरात उरकायचे. आज दादर किंवा परळच्या दोन खोल्यांच्या घरात, नोकरी सांभाळून, एकट्या माणसाने ते करायचे म्हणजे रोज रात्री बारापर्यंत तळणी. मग एका वर्षी दोन पदार्थ विकत येतात, पुढच्या वर्षी चार, आणि एक दिवस सोऱ्या माळ्यावर जातो तो खाली येतच नाही.

यावर चांगला तोडगा आहे. पाच-सहा मित्रमैत्रिणींनी मिळून फराळ वाटून घ्यायचा. प्रत्येक घरी एकच पदार्थ करायचा, पण सगळ्यांना पुरेल इतका. ठरलेल्या दिवशी एका घरी जमायचं आणि जाताना प्रत्येकाने सहाही पदार्थ घेऊन जायचं. अमेरिकेत नाताळच्या आधी मैत्रिणी बिस्किटांची अशीच अदलाबदल करतात. प्रत्येकजण एकाच प्रकारची काही डझन बिस्किटं आणतो आणि सगळ्या प्रकारांची थोडी थोडी घेऊन जातो. आपल्या गिरगावात, लालबागमध्ये फराळाची ताटं घरोघरी फिरत आली आहेतच. विणलेल्या रुमालाने झाकलेलं ताट शेजारी जायचं आणि ते रिकामं कधी परत येत नसे. चाळीत बायका एकमेकींकडे करंज्या लाटायला जात, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांत नाताळात नेवऱ्या आणि कुलकुल होतात तेव्हाही सगळं घर एकत्र बसतं आणि ताटं शेजारी जातात. नेवरी आणि करंजी या तर सख्ख्या बहिणीच. म्हणजे वाटून खायची सवय आपल्याला आहे. नवीन आहे ते करण्याची वाटणी आधी, मोजून ठरवणं.

या मोजण्याला लाजू नका. मैत्रीत कसला हिशेब, असं म्हणून माप मोघम ठेवलं की एकीचा डबा भरगच्च निघतो, दुसरीचा निम्मा, आणि दोघींना अवघडल्यासारखं होतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा पुढे लिज्जत झाला. तिथे भगिनी मळलेलं पीठ वजन करून घरी नेतात आणि पापड वजन करून परत देतात. वजन स्पष्ट असल्यामुळेच इतक्या जणींचं काम एकत्र चालू शकतं. आपण सहाच जण असलो तरी तराजू हवाच.

माणसं किती असावीत? माझ्या मते सहा. चार असतील तर फराळ तोकडा वाटतो आणि आठ झाले की एकेका घरावर तळणीचा बोजा फार पडतो. वाटे मात्र सहा नाही, सात करा. सातवा वाटा इमारतीच्या वॉचमनसाठी, सफाईला येणाऱ्या ताईंसाठी किंवा जुन्या चाळीत एकटं राहणाऱ्या एखाद्या काकूंसाठी. तो आधीच मापात धरला तर मनापासून दिला जातो. उरलंसुरलं गोळा करून दिलेलं ताट वेगळं दिसतं आणि घेणाऱ्यालाही ते कळतं.

सातांच्या हिशेबाने मापं अशी बसतात. चिवडा प्रत्येकी पाव किलो धरा. एक किलो पातळ पोहे, त्यात पाव किलो शेंगदाणे, दीडशे ग्रॅम डाळं, शंभर ग्रॅम खोबऱ्याचे काप आणि फोडणीचं तेल मिळून पावणेदोन किलोच्या आसपास चिवडा होतो. चकल्या प्रत्येकी बारा, म्हणजे चौऱ्याऐंशी. मध्यम आकाराच्या केल्या तर एक किलो भाजणीत होतात. बेसनाचे लाडू प्रत्येकी नऊ. एक किलो जाडसर बेसन, अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखरेत साठाच्या वर लाडू वळले जातात. शंकरपाळे एक किलो मैद्याचे. दूध, साखर आणि तूप समान वाटीने घेऊन उकळवायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा, हे जुनं माप मोठ्या घाण्यालाही चुकत नाही. करंज्या प्रत्येकी दहा, त्यांना रवा-मैदा मिळून पाऊण किलो लागतो. अनारसे प्रत्येकी सात. अर्धा किलो तांदळात पन्नासच्या जवळपास होतात, आणि अनारसा सात खाऊन समाधान देणारा पदार्थ आहे.

आता कोणाकडे काय द्यायचं? इथे हातखंडा बघा, त्याबरोबर स्वयंपाकघर आणि कामाच्या वेळाही बघा. आठवडाभर ऑफिसात असणाऱ्याला चिवडा द्या, एका संध्याकाळी होतो. ज्या घरात लहान मूल रांगतं आहे तिथे तळणीचं काम देऊ नका. लाडू द्या, कारण त्यात बेसन मंद आचेवर भाजायला पाऊण तास उभं राहणं हेच मुख्य काम आहे. चकली त्या घरी जिथे सोऱ्या फिरवायला एक आणि तळायला दुसरं माणूस असेल. ज्याला स्वयंपाक अजिबात येत नाही, त्याला वगळू नका. त्याच्याकडे सामान, डबे, वजनकाटा आणि हिशेब द्या. हे काम एका पदार्थाइतकंच मोठं आहे. अशा वेळी पाच पदार्थ पाच जणांनी करायचे आणि सहावा सगळ्यांनी मिळून. तो कसा, ते पुढे येतंच.

एखाद्या घरी ओव्हन असेल तर शंकरपाळ्यांऐवजी नानकटाई ठेवा. दिवाळीच्या आधी बेकरीत भट्टीवर पत्रे लावून नानकटाई भाजून आणायची पद्धत मुंबईत होती. सामान आपलं, भट्टी त्यांची. अजूनही एखादी जुनी बेकरी भाजून देते, विचारून बघा. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि दोन वाट्या मैदा. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसली की अर्धं काम झालं. घरच्या ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावर मऊ लागली तरी परत आत ढकलू नका, गार झाली की खुसखुशीत होते.

पैशाचं म्हणाल तर तुपातल्या लाडवांचा आणि पोह्यांच्या चिवड्याचा खर्च सारखा नसतो. ज्याच्या वाट्याला लाडू आले त्याने गप्प बसून जास्त खर्च करायचा, हे बरोबर नाही. प्रत्येकाने सामानाची बिलं जपून ठेवावीत, सगळी बेरीज करून सहाने भागावी आणि फरक त्याच दिवशी चुकता करावा. तूप, तेल, साखर आणि खोबरं एकत्र आणून वाटून घेतलं तर स्वस्तही पडतं. सुक्या मेव्यासाठी मशीद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केट, मसाल्यासाठी लालबागची मसाला गल्ली, मोठी कढई किंवा पितळी सोऱ्या हवा असेल तर पायधुणीचा तांबाकाटा. ही खरेदी दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी करायला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

वेळापत्रक दसऱ्यापासून मांडा. दसऱ्याच्या आत माणसं, पदार्थ आणि तारीख ठरलेली असावी. दसरा ते वसुबारस यांत अडीच आठवडे मिळतात आणि ते पुरतात. सगळ्यात आधी सुरुवात करायची ती अनारसेवाल्याने. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत तांदूळ भिजत घालावेत आणि तीन दिवस रोज पाणी बदलावं. चौथ्या दिवशी निथळून कापडावर सावलीत पसरावेत आणि हाताला किंचित ओलसर लागत असतानाच दळून बारीक चाळावेत. पिठाच्या वजनाइतका किंवा थोडा कमी चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून घट्ट गोळा करावा आणि डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यावा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात तळायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पहिला एकच सोडून बघा. अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून विरायला लागला, तर गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा. कडक होत असेल तर कुस्करलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळून घ्या. ज्याच्याकडे एवढा धीर नाही त्याला अनारसे देऊच नका. अनारशांच्या जागी शेव किंवा कडबोळी चालतील.

चकलीची भाजणी कोजागिरीच्या सुमारास भाजून ठेवावी. एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव-पाव किलो मुगाची आणि उडदाची डाळ, वाटीभर पोहे, धणे आणि जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण डाळ तांबूस व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पोहे करपतात. एवढ्या मापात दोन किलोच्या आसपास भाजणी होते. एक किलो चकल्यांना वापरा, बाकीची सहा घरांत वाटून टाका, दिवाळीनंतर थालीपिठाला येईल. गिरणीत देताना ‘तांदळावर दळून द्या’ असं आवर्जून सांगा. गव्हावर दळली गेली तर गव्हाचं पीठ मिसळतं आणि चकली चिवट होते. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीवाल्याला इतकं बघायला सवड नसते, म्हणून आधी जा. तळताना पहिली चकली चाचणीची. तेलात सुटून मोडली तर मोहन जास्त झालंय, भाजणी वाढवा. दाताला दगड लागली तर मोहन कमी पडलंय. तेलातले बुडबुडे शांत झाले की चकली झाली, फक्त रंग बघून काढू नका.

चिवड्याचा शत्रू आपली मुंबईची हवा आहे. पोहे कडक उन्हात तासभर ठेवा, गच्ची नसेल तर कढईत मंद आचेवर हाताने चुरतील इतके भाजा. मिरची आणि कडीपत्ता फोडणीत पूर्ण कुरकुरीत झाल्याशिवाय पोहे घालू नका. त्यातला ओलावा राहिला तर चिवडा दोन दिवसांत नरम पडतो आणि सहाही घरांत पडतो. लाडू, चकल्या, शंकरपाळे आणि चिवडा हे सगळं जमण्याच्या दिवसाआधीच्या तीन-चार दिवसांत करावं. ओल्या नारळाचं काहीही या अदलाबदलीत आणू नका. ओल्या नारळाच्या करंज्या आणि पाकातले रवा-नारळाचे लाडू अप्रतिम लागतात, पण ते ज्या घरी केले त्या घरी चार दिवसांत संपवायचे असतात.

जमायचा दिवस वसुबारसेच्या आधीचा शनिवार ठेवा. रविवार सोयीचा वाटतो, पण रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि आपले अर्धे गिरगावकर-लालबागकर आता बोरिवली, विरार, ठाणे, डोंबिवलीला राहायला गेले आहेत. त्यांनी डबे घेऊन खोळंबून राहू नये. जागा निवडतानाही हेच बघा. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे मिळतात, म्हणून यजमान दादरचा असला तर सगळ्यांनाच सोपं. गिरगाव आणि दादर आता भुयारी मेट्रोनेही जोडलेली आहेत, चर्नी रोडचा जिना डबे घेऊन चढायला नको असेल तर तोही रस्ता आहे. लोकलने येणाऱ्यांनी दुपारी बाराच्या सुमारास निघावं आणि सातच्या गर्दीच्या आत घरी पोहोचावं. चकल्या आणि अनारसे स्टीलच्या उभ्या डब्यात ठेवा, थरांमध्ये कागद घाला आणि डबा मांडीवर ठेवा. लोकलच्या रॅकवर ठेवलेला डबा वरून कोण दाबेल, सांगता येत नाही.

आता तो सहावा पदार्थ. करंज्या कोणा एकाकडे देऊ नका, त्या जमल्यावर करा. करंजी हे मुळात चार-सहा हातांचं काम आहे. एकटा माणूस लाटेपर्यंत उरलेल्या पिठाच्या लाट्या कोरड्या पडतात, लाटलेल्या पुऱ्या सुकून कडा चिकटत नाहीत आणि करंज्या तेलात फुटतात. सहाजण असतील तर हा त्रास राहत नाही. यजमानाने आदल्या दिवशी सारण करून ठेवावं: सुकं खोबरं किसून भाजलेलं, भाजलेला बारीक रवा, खसखस, वेलची आणि पिठीसाखर. साखर गार सारणातच घाला, गरम सारणात घातली तर ओलावा सुटतो. त्या दिवशी सकाळी रवा-मैद्यात कडकडीत तुपाचं मोहन घालून दुधात घट्ट भिजवावं आणि दोन तास ओल्या फडक्याखाली ठेवावं. दुपारी दोनला सगळे जमले की सतरंजीवर बसा. एकाने पीठ कुटून लाट्या करायच्या आणि फडक्याखाली सरकवायच्या. दोघांनी पातळ पुऱ्या लाटायच्या. एकाने दीड चमचा सारण भरून कडेला दुधाचं बोट फिरवून मिटायचं आणि दाबताना आतली हवा बाहेर काढायची, कारण हवा राहिली की करंजी तळताना फुटते. एकाने कातणाने कड कापायची आणि करंज्या दुसऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या. सहावा कढईपाशी, आच मंद, एका वेळी पाच-सहाच. सत्तर करंज्या दीड-दोन तासांत होतात. मुलं असतील तर कातण त्यांच्या हाती द्या, कापलेल्या कडांच्या पट्ट्या तळून त्यांनाच खायला द्या. मित्र असतील, नवरे असतील, त्यांना पेपर वाचत बाजूला बसवू नका. लाटणं धरायला लागणारा हात बायकांचाच असावा लागत नाही, आणि सुरुवातीच्या वाकड्या पुऱ्या शेवटी करंजीतच मिटल्या जातात.

करंज्या जेवणाआधी करायच्या त्याला कारण आहे. त्या डब्यात भरण्याआधी पूर्ण गार व्हायला हव्यात. कागदावर पसरून ठेवा आणि मग जेवायला बसा. जेवण अगदी साधं ठेवा. तळणीच्या वासाने भूक मेलेली असते, त्यावर बटाटेवडे नकोत. मुगाची खिचडी, कढी, काकडीची कोशिंबीर आणि भाजलेला पापड, एवढंच. फराळाची चव आत्ता बघायची नाही, असा नियम करावा असं मला वाटतं. पहिला फराळ नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर, असं ज्या घरांत अजून पाळतात, त्यांना त्या पहाटेची गोडी माहीत आहे. तळताना मोडलेल्या चकलीला मात्र हा नियम लावू नये.

वाटणीसाठी सात वाट्यांचे सात संच भिंतीशी ओळीने मांडा आणि पंगतीत वाढतात तसं एकाने एक पदार्थ घेऊन टोकापासून टोकापर्यंत वाढत जावं. तोपर्यंत दुसऱ्या पदार्थाचा डबा उघडू नका, म्हणजे गोंधळ होत नाही. गोड आणि तिखट एका डब्यात कधीही भरू नका. चिवड्याचा मसाला लाडवांना लागतो, आणि लाडवांशेजारी चकली नरम पडते. प्रत्येक घराला चार डबे लागतात: एकात लाडू आणि करंज्या, दुसऱ्यात चकल्या, तिसऱ्यात शंकरपाळे, चौथ्यात अनारसे. चिवडा जाड पिशवीत, हवा काढून. लाडू तळाला, करंज्या वर. ज्यांच्याकडे डबे कमी आहेत त्यांना आधीच सांगा, ऐनवेळी पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत चकल्या भरल्या तर घरी पोहोचेपर्यंत चुरा होतो.

प्रत्येक डब्यावर कागद चिकटवा: पदार्थ, केल्याची तारीख, कशात तळला आणि त्यात शेंगदाणे, काजू किंवा तीळ आहेत का. एखाद्या घरी मुलाला शेंगदाणे चालत नसतील तर चिवड्याचा त्या घरचा वाटा शेंगदाणे घालण्याआधी वेगळा काढा. नंतर वेचून काढलेले चालत नाहीत. मधुमेह असलेल्यांसाठी लाडवांच्या ऐवजी चकल्या वाढवून द्या. ते आधी विचारून ठेवावं, वाटणीच्या वेळी सगळ्यांसमोर नको. आणि ज्याचा मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे त्याचा वाटा वेगळा भरा. परदेशी पाठवायच्या डब्यात अनारसे घालू नका. इतक्या दिवसांच्या प्रवासाला शंकरपाळे, चकल्या आणि बेसनाचे लाडू टिकतात.

त्याच संध्याकाळी एका वहीत मापं लिहून ठेवा: किती पिठात किती नग झाले, तेल किती लागलं, कोणाकडे काय होतं. पुढच्या वर्षी पदार्थ फिरवायचे. यंदा ज्याने चकल्या केल्या त्याला पुढच्या वेळी चिवडा. दोन-तीन वर्षांत प्रत्येक घराला निदान तीन पदार्थ नीट यायला लागतील आणि नवीन सून किंवा जावई आला तरी शिकवायला माणूस असेल.

घरी गेल्यावर डबे गॅसजवळ ठेवू नका. चिवडा लागेल तेवढाच वाटीत काढा, डब्यात ओला चमचा घालू नका. नरम पडलाच तर कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावर परत भरा. चकल्या १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. करंज्या आधी संपवा, मग अनारसे, चकल्या आणि शंकरपाळे, आणि लाडू तुळशीच्या लग्नापर्यंत राहिले तरी चालतील.